बोंबकाकांची फेरी

१८ जानेवारी २०१४, शनिवार. दुपारी मंडळाची वार्षिक सभा होती आणि सभागृहातल्या सतरंज्या झटकायचं काम सकाळपासून माझ्याकडे होतं. सोबत अध्यक्षांनी छापील अभिप्रायपत्रांचा गठ्ठा दिला होता. मंडळाच्या कामाबद्दल सभासदांनी चारपैकी एका चौकटीत खूण करायची: असमाधानी, ठीक, समाधानी, अति समाधानी. गेली काही वर्षं आम्ही सगळेच्या सगळे अति समाधानी होतो. मी गठ्ठा खिडकीत ठेवला, उडू नये म्हणून वर झाडू ठेवला आणि उरलेल्या सतरंज्या झटकल्या. ते कागद मला वाटायचेच नव्हते. मला एका गेलेल्या माणसाच्या वतीनं सूड घ्यायचा होता. सूड हा शब्द वापरायला मला संकोच वाटत नाही.

तो माणूस म्हणजे बोंबकाका. त्यांना स्तुती ऐकू येत नसे. कान ठणठणीत होते. गावाच्या टोकाला कुणाला हुडहुडी भरली ही कुजबुजही त्यांच्यापर्यंत पोचायची. पण "काका, शिबिर छान झालं," असं कुणी म्हटलं की ते दुसरीकडे बघत आणि विचारत, "ते राहू दे. बोंब काय आहे?" बोंब नाही म्हणणाऱ्यावर त्यांचा विश्वास नसे. "इतक्या लोकाईचं काम, अन् बोंब नाई? मंग तू कामावर गेली नसशील."

काका हिवताप पर्यवेक्षक होते. तापाच्या प्रत्येक रुग्णाच्या रक्ताचा नमुना घेतला जातो की नाही, हे गावोगाव फिरून बघायचं, हे त्यांचं काम. १९९९ साली गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला, तेव्हा साथींवर नजर ठेवणाऱ्या आम्हा लोकांचं एक मंडळ त्यांनी जमवलं. उपकेंद्रांच्या नर्सबाया, प्रयोगशाळेतले, औषधं देणारे, फवारणीवाले, सगळे त्यात. महिन्यातून एकदा तिरोड्याला भेटायचं. हार नाही, भाषण नाही. सतरंजीवर गोल बसायचं आणि एकेकानं आपली तक्रार सांगायची. त्याला बोंबफेरी हे नाव आपोआप पडलं आणि काकांनाही.

फेरी नेहमी चहाच्या आधी. "चहा पोटात गेला का मानूस गोड बोलते," असं त्यांचं म्हणणं. एकदा टेंभरे भाऊंनी हौसेनं लवकर चहा मागवला. टेंभरे म्हणजे आमच्या आरोग्य केंद्रातले औषधनिर्माते, कुणाचं मन मोडवत नाही असे. काकांनी चहावाल्याला किटलीसकट पायरीवर बसवून ठेवलं.

"काका, थंडा होऊन राहिला ना," टेंभरे कळवळले.

"होऊ दे. तुझी बोंब गरम आहे का नाई? ते काढ आधी."

पहिलं बोलायचं ते सगळ्यात नव्या सभासदानं. मोठे आधी बोलले की लहान त्यांचीच री ओढतात, हे काकांना ठाऊक होतं. एखादे साहेब कौतुकानं बसायला आले, तर काका त्यांना दाराशी, चपलांजवळ जागा देत. "साहेब, तुमी आज पाव्हने. पाव्हन्यानं आयकावं." बरेच साहेब दुसऱ्यांदा आले नाहीत. जे आले त्यांच्याशी काकांचं शेवटपर्यंत जमलं.

आणि सगळ्यात कडक नियम असा, की ज्याच्यावर तक्रार झाली त्यानं त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ एकदा उसळून उठला. रक्ताचा अहवाल येतो तोवर माणूस बरा तरी होतो नाही तर जातो, असं एका नर्सनं म्हटलं होतं. काकांनी हातानंच त्याला खाली बसवलं. "आज कान. तोंड पुढच्या महिन्यात." महिनाभरात त्याचा राग उतरला, आणि पुढच्या बैठकीत तो भांडण न आणता उपाय घेऊन आला. नमुने बाजाराच्या दिवशी एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवा, मी स्टँडवर घ्यायला येतो. ती पद्धत पुढं बरीच वर्षं चालली.

माझी पहिली बोंब काकांवरच होती. मी नवी नर्स, चोरखमाऱ्याच्या धरणाच्या बाजूच्या एका उपकेंद्रात. म्हटलं, "तुमची लुना पार धरणाच्या पाळीवरून ऐकू येते. तुम्ही पोचेपर्यंत सगळे कामाला लागलेले असतात. असल्या भेटीचा उपयोग काय?" काकांनी माझं वाक्य शब्द न बदलता परत म्हणून दाखवलं. ते तसंच करत. तक्रार ना मऊ करायची ना तिखट. पुढच्या महिन्यात ते सायकलीवर आले आणि रक्त न घेताच गोळ्या वाटणाऱ्या माझ्याच सहकाऱ्याला त्यांनी पकडलं. घाम पुसत म्हणाले, "तुझ्या बोंबेनं माझे गुडघे गेले, बाई." पण लुना परत त्या रस्त्यानं आली नाही.

ते काही लिहून घेत नसत. "लिहून राहिलो दिसलं का मानूस शब्द निवडते." डोक्यात ठेवत आणि दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन सांगत: सभासद असं म्हणतात. कोण म्हणतं, हे कधीच नाही. "बोंब वर जाते. मानूस जात नाई," हे वाक्य त्यांनी प्रत्येक नव्या सभासदाला ऐकवलं. आमचं बोलणं त्या एका वाक्यावर उभं होतं.

ते वाक्य मोडलं गेलं सुनंदाच्या वेळी. सुनंदा अर्जुनी मोरगावकडची तरुण नर्स, कडेवर तान्हं मूल. त्या पावसाळ्यात तिच्या गावात तापाचे रुग्ण वाढत होते. ती दर आठवड्याला खरे आकडे पाठवत होती आणि वर जाताना त्यांचं निरंक होत होतं. निरंक म्हणजे एकही रुग्ण नाही. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड: जिथं ताप दिसतो तिथं चौकशी, जिथं निरंक तिथं शाबासकी. फवारणीवाले उशिरा आले आणि गावातली एक बाळंतीण गेली. सुनंदा फेरीत बोलली, "मले फोन येते का निरंक लिवा म्हणून. मी काऊन लिवू?"

आठ दिवसांत तिला नोटीस आली: आपण कार्यालयाची बदनामी केली. पाठोपाठ बदली, थेट छत्तीसगडच्या सीमेवर. वर बोलणी नेणारा माणूस एकच होता. त्यामुळे नाव कुणी सांगितलं हे सगळ्यांनी बसल्या जागी ठरवून टाकलं. काका एकदाच म्हणाले, "मी नाई." दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

पुढच्या फेरीत कुणीच तोंड उघडलं नाही. एकेकानं "बोंब नाही" म्हटलं आणि पाळी पुढं सरकली. काका शेवटपर्यंत बसले, उठले आणि चहा न घेता गेले. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्या जिवावर तोंड उघडलं, ते रस्त्यात त्यांना बघून पानठेल्याकडे वळायला लागले. टेंभरे भाऊ त्यात पहिले. मी त्या प्रत्येकाचं तोंड लक्षात ठेवलंय.

मी काकांना विचारलं, "मग कुणी केलं? अंदाज तर असेल."

"अंदाजानं नाव घेतलं, तर त्याईच्यात अन् माझ्यात फरक काय राहिला?"

"तुम्ही गप्प बसलात तर तुम्हीच ठरता."

"ठरू दे. तू सुनंदाच्या लेकराचं बघ. तिकडं दूध नाई भेटत म्हणे."

मला त्यांचा हा चांगुलपणा पटला नाही. आजही पटत नाही.

मग मंडळाला नवे अध्यक्ष मिळाले. गोंदिया शहरातले, फेरीला न चुकता येणारे, गोड बोलणारे, निम्मं हिंदी निम्मं मराठी. त्यांनी पहिल्याच महिन्यात फेरी बंद करून चौकटींचा कागद आणला. काका त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी काकूंनी पहाटे उठून टोपलंभर वडे तळले होते. मी होते, कार्यालयाचा शिपाई होता. काकूंनी उरलेले वडे टोपल्यात भरून, वर ओलं फडकं टाकून परत नेले. काही वर्षांनी, गेल्या दिवाळीच्या अलीकडे, काका गेले. मयतीला गाव होतं. मंडळातून मी एकटी.

त्यानंतर महिन्याभरात अध्यक्ष, टेंभरे आणि मी एका प्रशिक्षणाला जीपनं निघालो होतो. नव्या पोरींना शिस्त नाही, असं बोलणं चाललं होतं. अध्यक्ष पुढच्या सीटवरून मागं वळून म्हणाले, "अरे, तेव्हा ती अर्जुनीवाली नर्स नाही का? मैंने ही ऑफिस में फोन लगाके उसका नाम दिया था. एका फोनमध्ये मामला साफ. संगठन चलाना है तो करना पडता है, मॅडम."

इतक्या सहज. काका गेले होते, आता काय बिघडणार, असा त्यांचा हिशेब. मी टेंभऱ्यांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर धानाच्या गंज्या बघत होते. मी म्हटलं, "हो ना, करावं लागतं." आणि तिथूनच तयारीला लागले. सुनंदाची बदली एव्हाना तिरोड्याजवळ झाली होती. तिला निरोप धाडला, सभेला नक्की ये. बाकी कुणाला काही सांगितलं नाही.

तर ती सभा. 'सभासदांचे अभिप्राय' हा विषय आला तसे अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, फॉर्म वाटून द्या."

मी म्हटलं, "फॉर्म नाहीत. आज फेरी. सगळ्यात नवं कोण आहे?"

अध्यक्ष हसले. कोपऱ्यातली एक पोरगी भीतभीत उठली आणि थंड्या पेटीशिवाय लसी न्याव्या लागतात असं म्हणाली. दुसरी बोलली. तिसरा बोलला. जुने लोक माना खाली घालून बसले होते. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि जीपमधलं वाक्य, हिंदीसकट, एक शब्द न बदलता म्हणून दाखवलं. कुणी म्हटलं, कुठं म्हटलं, ऐकायला कोण होतं, तेही सांगितलं.

अध्यक्ष ताडकन उठले. "सरासर झूठ आहे हे. माझं ऐकून घ्या."

मागून फवारणीवाला म्हातारा शांतपणे म्हणाला, "आज कान, साहेब."

आणखी दोघंतिघं तेच म्हणाले. अध्यक्ष बसले. आता सगळे टेंभऱ्यांकडे बघत होते. ते गप्प राहिले असते तर मी खोटारडी ठरले असते, काका तर आधीच ठरलेले होते. टेंभरे उठायला फार वेळ लावत होते. मी त्यांना मदत केली नाही.

"बाई म्हणतात ते खरं आहे," शेवटी ते म्हणाले. "मी होतो जीपमध्ये." खाली बसणार तेवढ्यात थांबले. "काकाच्या घराकडचा रस्ता सोडणारा पहिला मीच."

सुनंदा रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाजारात काका मले पाहून थांबले होते. मी तोंड फिरवलं."

नंतर नव्या अध्यक्षाची निवड होती. दरवर्षी बिनविरोध होई. या वेळी जुन्या अध्यक्षांचं नाव सुचवायला कुणी उठलंच नाही. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, खिशातला चष्मा काढला, घातला, परत काढला. मग निघून गेले. मी त्यांच्याकडे शेवटपर्यंत बघत राहिले. मला बरं वाटलं, आणि ते मी लपवत नाही.

पण माझं काम संपलं नव्हतं. अध्यक्षानं एक फोन केला होता. बाकीचं यांनी केलं होतं, रोज, रस्त्यात. सभेनंतर सगळे माझ्याभोवती जमले. काकूंना एक पत्र लिहू, मंडळाच्या वतीनं, असं कुणीसं सुचवलं. मी म्हटलं, पत्र नाही. उद्या रविवार आहे. सकाळी जीप सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना दोन जीपांत भरून काकांच्या गावी नेलं. काकू अंगणात उन्हाला बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी झालेलं सगळं त्यांना सांगितलं, थोडक्यात. त्यांनी ऐकलं, हात न थांबवता. मग वर बघून म्हणाल्या, "बसा." सगळे शेणानं सारवलेल्या अंगणात ओळीनं बसले.

"तेव्हा काऊन नाई आले?" काकूंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

टेंभऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुनंदानं, मग एकेक करून सगळ्यांनी. मी काहीतरी सांगून त्यांना सोडवीन असं त्यांना वाटत असावं. मी काकूंच्या शेजारी बसले, सूप जवळ ओढलं आणि शेंगा सोलायला लागले.