सीनाकाठी पाल ठोकून राहिलेलं जोडपं

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि आता वय झाल्यावर त्यातले बरेचसे एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणत्या दरोड्यात कोण आरोपी होता असं विचाराल, तर माझा घोटाळा होईल. पण सीना नदीच्या काठी पाल ठोकून राहिलेलं एक जोडपं मला आजही जसंच्या तसं आठवतं. गंमत अशी, की त्या प्रकरणात शेवटी गुन्हाच निघाला नाही.

एकोणीसशे तीसच्या दशकातली गोष्ट. सोलापूर शहराबाहेरच्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. थंडीचे दिवस होते, ज्वारी हुरड्यात आली होती. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच नदीकाठच्या गावचा पोलीस पाटील स्वतः चालत ठाण्यावर आला. पाटील जागल्याला न पाठवता स्वतः येतो, तेव्हा एकतर प्रेत सापडलेलं असतं, नाहीतर त्याला कुतूहल आवरत नसतं.

"साहेब, नदीला पाल पडलंय," तो म्हणाला.

"मग? पालं काय आज पयल्यांदा बघितली व्हय?" आमचा म्हातारा हवालदार खेकसला.

"तसलं न्हाय वो. एक गडी आन एक बाई. जनावर न्हाय, गाढव न्हाय. काय विकत न्हाईत, काय मागत न्हाईत. सकाळी पान्यात पाय सोडून बसत्यात आन दिसभर हसत्यात."

"हसायला काय कायद्यानं बंदी हाय?"

"बंदी न्हाय की. पर कामधंदा सोडून इतकं दिस कोन हसतंय?"

पाटलाचा मुद्दा मला पटला. त्या काळी पालात राहायचं ते पोटासाठी फिरणाऱ्यांनी, नाहीतर दौऱ्यावरच्या गोऱ्या साहेबानं. सुखवस्तू म्हणा, गरीब म्हणा, संसारी माणूस उगाच नदीकाठी जाऊन राहत नसे. शिवाय सांगोल्याहून आम्हाला नुकताच एक खलिता आला होता. तिथली एक लग्न झालेली तरुण बाई अंगावरच्या बोरमाळेसकट एका जवान माणसाबरोबर निघून गेली होती. नवऱ्यानं फिर्याद दिली होती. मी पाटलाला सहज विचारलं, "बाईच्या गळ्यात काय आहे?"

"बोरमाळ हाय की, साहेब. चांगली ठसठशीत."

आम्ही लगेच निघालो.

पाल म्हणजे दोन जुनी धोतरं बाभळीच्या काठ्यांवर ताणून केलेला आडोसा होता. पण आतली भांडी लखलखीत घासलेली, चूल नीट सारवलेली. बाई भाकरी थापत होती आणि बाप्या माणूस चुलीपाशी बसून कांदा फोडत होता. पुरुष चुलीपाशी! हवालदारानं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मुद्देमालच हाती लागला.

दोघांना वेगळं करून विचारायचं, हा आमचा नेम. तरुणाला मी नदीकडं नेलं. तो म्हणाला, गिरणीत कामाला आहे, आठवड्याची रजा काढलीय, ही माझी बायको. "मग इथं काय करतोस?" यावर त्याची मान खाली. "काय न्हाय, साहेब. ऱ्हातो."

राहतो! हे काय उत्तर झालं? चोर इतकं वाईट खोटं बोलत नाही, एवढं मात्र तेव्हाही माझ्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात हवालदार विजयी मुद्रेनं आला. "साहेब, बायको न्हाय ती त्याची. नवऱ्याचं नाव विचारलं, तर फाडदिशी सांगितलं!"

आजच्या वाचकांना यात काय विशेष असं वाटेल. पण त्या वेळी घरंदाज बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे. ठाण्यावर बाईची जबानी घ्यायची झाली, तर नवऱ्याचं नाव सांगायला शेजारीण नाहीतर दीर बरोबर आणावा लागे. हवालदार म्हणाला, "माजी बायकू तीस वर्सं झाली 'अवं' म्हनतीया. खानेसुमारीचा मास्तर घरची मानसं मोजाया आला तवा कोपऱ्यात तोंड करून बसली, पर नाव घेतलं न्हाय. आन ही पोरगी जत्रंत मूल हरवल्यागत नाव घेतीया."

वय जुळत होतं, बोरमाळ जुळत होती, आणि आता हे. कायद्यानं मी दोघांनाही ठाण्यावर नेऊ शकत होतो. पण मी थबकलो. ती खरोखर त्याची बायको असेल तर? पोलिसांबरोबर ठाण्यावर गेलेल्या बाईला त्या काळी घरचा उंबरठा पुन्हा दिसत नसे. मी हवालदाराला बाजूला बसवलं आणि तिलाच विचारलं, "बाई, नवऱ्याचं नाव घरीपण असंच घेता का?"

तिनं पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं हसते आहे, पण ती रडत होती.

"घरी? घरी मी त्येंच्याशी दिवसा बोलत सुदिक न्हाय, साहेब. एक खोली हाय. सासू, सासरं, दोन दीर, एक नणंद. मी सासूपाशी निजती, हे भायेर ओट्यावर. चार वर्सं झाली. हितं आल्यावर आमी ठरवलं, हाय तवर नावानं बोलायचं. तोंडाला तीच सवय लागली."

"घरी काय सांगून आलात?"

"करमाळ्याला देवीला जातो म्हनून. नवस हाय, मूल व्हावं म्हनून. औंदा बी काय झालं न्हाय, तर मोहोळची एक पोरगी बघून ठेवलीया सासूनं ह्येंच्यासाटी." तिनं डोळे पुसले. "देवीला मी रोज हितनंच हात जोडती. देवी समजून घील. सासू न्हाय घ्यायची. आमी तितं गेलोच न्हाय असं कळलं, तर मला म्हायेरची वाट धरायला लागंल. घरी सांगू नका, साहेब. पाया पडती."

कहाणी खरी वाटत होती. पण खरी वाटणाऱ्या कहाण्या मी रोजच ऐकत होतो. खातरजमा केल्याशिवाय सोडणं मला शक्य नव्हतं आणि खातरजमा करायची म्हणजे घरीच जायला हवं होतं. पाटलाला लक्ष ठेवायला सांगून, साधे कपडे घालून मी आणि हवालदार शहरात तरुणानं सांगितलेल्या गिरणीच्या चाळीत गेलो.

सासू ओट्यावर तांदूळ निवडत होती. पोलीस म्हणताच दचकली. मी म्हणालो, "मावशी, घाबरू नका. सध्या देवाला जाणाऱ्यांच्या वाटेवर चोऱ्या होतायत, म्हणून विचारतोय. तुमच्या घरचं कुणी गेलंय का बाहेरगावी?"

"अगं बाई! ल्योक आन सून करमाळ्याला गेल्यात की! आन माजी बोरमाळ हाय तिच्या गळ्यात. देवीच्या म्होरं जायाचं तर लंकेची पार्वती कशी धाडू म्हनून मीच घातली." ती सूप सोडून उठलीच. "पोरीला कुनी काय केलं तर न्हाय ना?"

माझं काम तिथंच झालं होतं. आणि एक गोष्ट मी टिपली, की तिनं आधी बोरमाळेचं नाव घेतलं तरी उठून उभी राहिली ती पोरीसाठी.

मी निघणार होतो, पण हवालदाराच्या जिभेला हाड नव्हतं. खोलीत डोकावून तो म्हणाला, "मावशे, येवड्या जागंत समदी निजता कुटं?"

"सून माज्यापाशी. गडी भायेर. दुसरं कुटं?"

"आन तुमास्नी किती लेकरं झाली?"

"सात. पाच जगली."

"तवा बी अशीच एक खोली हुती?"

"छ्या! कुंभारीला शेतात वस्ती हुती आमची. मळ्यात, खळ्यावर, कुटं बी जावं. तितं जागंला काय तोटा..."

ती बोलता बोलता थांबली. एकदा खोलीकडं पाहिलं, एकदा ओट्याकडं. मग हवालदारावर अशी काही कडाडली, की आम्ही दोघं गल्लीच्या तोंडापर्यंत मागं न बघता आलो. "मेल्या, म्हाताऱ्या मानसाला काय इचारावं याची लाज न्हाय!" हे शब्द मला अजून ऐकू येतात. पण तिचा आवाज चढला होता तो नुसत्या रागानं नव्हता. शहराबाहेर आल्यावर हवालदार एवढंच म्हणाला, "साहेब, बायकू त्याचीच हाय."

नदीवर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. तरुणानं पाल उतरवून गाठोडं बांधलं होतं. अटक होणार असं तो धरूनच चालला होता. मी सांगितलं, तुमच्यावर संशय उरलेला नाही. घरी आम्ही तुमच्याबद्दल काही बोललो नाही. तो माझ्या पायांवर पडायला निघाला. ती मात्र जागची हलली नाही. गाठोड्याकडं बघत तिनं विचारलं, "मंजे आमी अजून ऱ्हायलो तर चालंल? रजा सपायला दोन दिस हायेत."

एवढी भीती पोटात घेऊन बसलेली बाई, आणि सुटल्यावर तिनं मागितलं काय, तर तेच धोतराचं छप्पर. मी पाटलाला ताकीद दिली, की या पालाकडं गावातलं कुणी फिरकता कामा नये. पाटलानं त्यांना हुरडा पाठवला, असं मागाहून कळलं.

पुढं दोनेक महिन्यांनी हवालदार त्या चाळीवरून गेला होता. ओट्याच्या एका टोकाला गोणपाटाचा आडोसा शिवून टांगलेला त्यानं पाहिला. मोहोळच्या मुलीचं लग्न दुसरीकडं ठरल्याचंही त्यानं शेजारी चौकशी करून आणलं. त्यांना मूल झालं का, ते मला माहीत नाही. तेवढी चौकशी करणं हे पोलिसाचं काम नव्हे.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. माणूस काही लपवतो आहे एवढं दिसलं, की पोलिसाला वाटतं, गुन्हा आहे. माणसं आपलं सुखही लपवतात, आणि चोरीच्या मालापेक्षा जास्त जिवापाड लपवतात. त्यानंतर नोकरीत कुणी उगाच कुठं राहिलेलं दिसलं, तर मी आधी त्यांचं घर पाहून येत असे. दुसऱ्याची बायको पळवणाऱ्यासाठी कायद्यात कलम आहे. स्वतःचीच बायको आठवडाभर पळवून नेणाऱ्यासाठी मी पुस्तक चाळून पाहिलं. कलम नव्हतं, आणि त्या दिवशी कायद्याबद्दल मला पहिल्यांदा माया वाटली.