फळ्यावरचा पत्ता

लोकांना दात करून देणं हा त्यांचा धंदा. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे आणि हे गृहस्थ घराच्या मागच्या खोलीत बसून त्यांच्या कवळ्या घडवायचे. गुलाबी मेणाचा वास अंगात इतका मुरलेला की साबणानेही हात टेकले होते. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची छाती फक्त बहिणीला होती आणि तिलाही उत्तर मिळालं नव्हतं. त्या बहिणीची मुलगी, म्हणजे भाची, हाच त्यांचा काय तो गोतावळा.

आणि एक खेळ. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात, पॉलिशच्या यंत्रापासून जरा दूर, एक जुना कॉम्प्युटर दिवसरात्र घरघरत असे. त्याच्यावर जहाजांच्या लढाईचा एक ऑनलाइन खेळ चालायचा. मूळ कंपनीने कधीच गाशा गुंडाळला होता, पण वेड्या खेळाडूंनी ठिकठिकाणी स्वतःचे सर्व्हर उभे केले होते, त्यातला हा एक. दूरदूरची माणसं तिथे रोज येऊन एकमेकांची जहाजं बुडवायची. कोण खरं खेळतंय आणि कोण लबाडी करतंय, याचा निवाडा यांच्याकडे. म्हणून तिथे त्यांना सगळे पंचकाका म्हणत. प्रत्यक्ष आयुष्यात ज्या माणसाचं गल्लीतला दूधवालाही ऐकत नसे, त्याचा शब्द त्या पाण्यावर शेवटचा होता. माणसाला एवढं पुरतं. खरं तर जरा जास्तच होतं.

लबाडीचा नेहमीचा प्रकार म्हणजे जुळा. एकाच माणसाने दोन नावं घ्यायची, शत्रूच्या गोटात आपलाच दुसरा अवतार घुसवायचा आणि तिकडून बातम्या काढायच्या. जुळा पकडायची पंचकाकांची रीत साधी होती. खेळायला येणाऱ्या प्रत्येकाचा आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे तो ज्या इंटरनेट जोडणीवरून आला तिचा आकडा, त्यांच्या कॉम्प्युटरला दिसायचा. दोन नावांचा आकडा एकच निघाला की जुळा सापडला. मग दोन्ही नावं, दोन्ही आकडे आणि निकाल खेळातल्या फळ्यावर, सगळ्यांना दिसेल असा. पंचाने पक्षपात केला असं कुणी म्हणू नये म्हणून. या फळ्याचा त्यांना भारी अभिमान.

भाचीच्या मात्र त्याने अंगावर काटा येई. ती एका विमा कंपनीत ग्राहकांची माहिती सांभाळायच्या विभागात होती.

"मामा, आयपी ही कायद्याने खाजगी माहिती आहे," ती म्हणायची. "लागेल तेवढीच ठेवायची, दुसऱ्याला दाखवायची नाही, आणि कुणी पुसा म्हटलं तर पुसायची. आणि बाहेर गेलीच, तर ज्याची आहे त्याला लगेच कळवायचं."

"कायदा कंपन्यांना. मी कवळ्या करतो."

"कायदा तसं विचारत नाही."

"अगं, चार आकडे आणि मध्ये टिंबं. त्यावरून फार तर गाव कळेल. कुणाच्या घराचं दार सापडतं का त्याने?"

बहुतेक वेळा सापडत नाही, हे खरं होतं. म्हणूनच ते इतके बिनघोर होते.

टाचणी नावाची खेळाडू आली तेव्हा पंचकाकांना पहिल्यांदा कुणाचं तरी कौतुक करावंसं वाटलं. जहाज छोटं, पण नेम असा की बड्याबड्यांची शिडं फाटायची. ती फक्त दुपारी यायची, जेवणाच्या सुट्टीत, आणि सुट्टी संपली की लढाई अर्धवट टाकून पसार व्हायची. ती बाई आहे, कुठेतरी नोकरी करते, यापलीकडे कुणाला काही ठाऊक नव्हतं. एकदा तिने एकट्या पंचकाकांना निरोप पाठवला.

"काका, माझा आयपी कुणाला दिसतो का?"

"फक्त मला."

"जुन्या नोंदी पुसून टाकाल? मी एका माणसापासून लांब आले आहे. त्यालाही हाच खेळ आवडायचा, आणि माझा नेम तो ओळखेल."

"पुसतो, पोरी. निर्धास्त राहा."

त्यांनी ते मनापासून लिहिलं होतं. पण त्या आठवड्यात कवळ्यांची रांग लागली, आणि पुसायचं राहिलं ते राहिलंच.

मग खलाशी आला. नवा खेळाडू, खेळायला सुमार, बोलायला मात्र मधाळ. आल्या आल्या त्याने तक्रार केली की टाचणी म्हणजे दुसरंतिसरं कुणी नसून धूमकेतू आहे. धूमकेतू हा जुना लबाड, त्याला पंचकाकांनी हाकलून दिलं होतं. आरोप ठेवायचा अवकाश, टाचणीने ज्यांची शिडं फाडली होती ते सगळे तिच्यावर तुटून पडले. भामटी काय, चोर काय.

पंचकाकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी नोंदी काढून बघितलं. टाचणी आणि धूमकेतूचे आकडे जमीन-अस्मानाइतके वेगळे होते. पोर निर्दोष होती, आणि हे तोंडाने सांगून भागणार नव्हतं. पुरावा हवा होता. त्यांनी रीतीप्रमाणे फळ्यावर दोन्ही नावं लिहिली, दोन्ही आकडे लिहिले आणि खाली मोठ्या अक्षरांत निकाल दिला. टाचणी निर्दोष. आकडा खोडायचं त्यांच्या मनातही आलं नाही. आकड्याशिवाय निकालावर विश्वास कोण ठेवणार?

सगळ्यांची तोंडं बंद झाली. खलाशाने तेवढं लिहिलं, "आभारी आहे काका. एवढंच हवं होतं."

ते वाचून त्यांच्या मनात पाल चुकचुकली. आरोप खोटा ठरला की माणूस चिडतो किंवा माफी मागतो. हा आभार मानत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खलाशी दिसला नाही. टाचणीही नाही. भाची दुपारी जेवायला आली तेव्हा पंचकाका हातातली कवळी उगाच घासत बसले होते. त्यांनी तिला सगळं सांगितलं, टाचणीच्या त्या निरोपासकट. ताट बाजूला सारून तिने आधी फळा पुसायला लावला आणि मग टाचणीचा आकडा आपल्या लॅपटॉपवर शोधला.

"मामा, ही घरची जोडणी नाही. कायमचा आकडा आहे, संस्थेच्या नावावर घेतलेला." तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

तिथे डोळ्यांच्या एका दवाखान्याचं नाव होतं. नाव, गाव, रस्ता, फोन नंबर. कुणालाही दिसेल असं.

पंचकाकांनी हातातली कवळी खाली ठेवली. "तिला कळवायला हवं," ते म्हणाले.

"ईमेल असेल ना तिचा?"

नव्हता. आपण कुणाची फालतू माहिती गोळा करत नाही, असं ते आजवर ऐटीत सांगत आले होते. एक टोपणनाव आणि एक आकडा, बस्स. तिला निरोप पोचवायचा तर ती खेळात यायला हवी होती.

तेवढ्यात कॉम्प्युटर टुणकन वाजला. कुणीतरी खेळात आलं होतं. पंचकाका धावले. यादीत नाव होतं खलाशी, आणि त्याच्यापुढे टाचणीचा आकडा होता.

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून आकडा पुन्हा वाचला. मग त्यांच्या तोंडून निघालं, "हाच जुळा की काय?"

"जुळा नाही, मामा." भाचीचा आवाज खाली गेला होता. "तो दवाखान्यात बसलाय. पेशंटसाठी वाय-फाय असतं ना, त्याच्यावर."

खलाशी लढत नव्हता. त्याचं जहाज बंदरातच उभं होतं, दुपारच्या सुट्टीत जिथे सगळे जमतात तिथे. पंचकाकांचा हात त्याला हाकलायला पुढे गेला. भाचीने तो धरला.

"नको. तो तिथेच आहे, एवढं तरी यावरून कळतंय. तुम्ही दवाखान्यात फोन करा. मी पोलिसांना लावते."

फोन लगेच उचलला गेला. "नमस्कार, नेत्र चिकित्सालय."

तरुण बाईचा आवाज. पंचकाकांना तिचं खरं नाव माहीत नव्हतं. आपण किती वेडगळ दिसतोय याची पर्वा न करता ते म्हणाले, "मी पंचकाका. टाचणी आहे का तिथे?"

पलीकडे खुर्ची करकरली. मग, "हो, बोला सर."

"पोरी, माझं चुकलं. तुझा आकडा मी सगळ्यांना दाखवला. खलाशी म्हणून एक जण आहे, तो आत्ता तुमच्याच वाय-फायवर आहे."

"हो सर. डॉक्टर आता जेवायला गेलेत," ती म्हणाली. रोज शंभर जणांना सांगावं तशा सुरात. "समोर एकच पेशंट आहेत."

पंचकाकांना समजलं. ते कुजबुजले, "ओळखलंस?"

"हो सर. जुनेच पेशंट आहेत."

"मागून निघता येईल?"

"नाही सर. दार एकच आहे, पेशंटच्या बाजूला."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला भाची फोनवर रस्त्याचं नाव पुन्हा पुन्हा सांगत होती. मग तिने हात वर करून खूण केली.

"पोलीस निघालेत," पंचकाका म्हणाले. "ऐकतेस ना? निघालेत."

"किती वेळ लागेल?"

एवढंच ती खऱ्या आवाजात बोलली. ज्यांच्याकडे प्रत्येक तंट्याचा निकाल तयार असे, त्यांनी भाचीकडे बघितलं. भाचीने नाही म्हणून मान हलवली. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

"फोन ठेवू नकोस," ते म्हणाले. "मी आहे."

तोंड फोनपासून जरा बाजूला नेऊन ती कुणाला तरी म्हणाली, "बसा ना, बसा. अजून तुमचा नंबर आला नाही."