छायाबाईंच्या खोलीतली हवा

"मशीन बरोबर आहे, काका. बाईच बिघडली आहे," नितीन सर म्हणाले आणि चहा माझ्याकडे सरकवला. "तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की हवा ओके आहे. बाकी मैं देख लूँगा."

बाकी म्हणजे छायाबाईंची नोकरी, हे कळायला मला वेळ लागला नाही.

नितीन सरांचे भिलाईत कोचिंग क्लास आहेत. माणूस रायपूरच्या जुन्या मराठी घरातला. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि घाईत दोन्ही. छायाबाई त्यांच्याकडे मुलांच्या टेस्टचे मार्क कॉम्प्युटरमध्ये भरतात. सकाळचं काम चोख, दुपारनंतर मात्र गडबड. याचे मार्क त्याच्या नावावर. एका पालकाने काउंटरवर येऊन तमाशा केला होता. त्यात बाई टेबलावर डोकं टेकून बसलेल्या कॅमेऱ्यात दिसल्या. बाई म्हणत होत्या, खोलीत गुदमरल्यासारखं होतं. सर म्हणत होते, बहाणा आहे. मी 'हवा चांगली' असं लिहून सही केली की बहाणा सिद्ध झाला, बाई घरी गेल्या.

मी इथल्या स्टील प्लांटमध्ये व्हेंटिलेशन सेक्शनला होतो. रिटायर झाल्यापासून बँका, दवाखाने, हॉल असल्या इमारतींमधली हवा तपासून देतो. लोक मला एसीवाला समजतात आणि गॅस भरायला बोलावतात. त्यांना मी आधी एकच गोष्ट समजावतो. एसी हवा थंड करतो, ताजी करत नाही. आतलीच हवा ओढायची, थंड करायची आणि पुन्हा आत सोडायची, एवढंच त्याचं काम. ताजी हवा हवी असेल तर तिला बाहेरून वेगळी वाट ठेवावी लागते. आमच्या भाषेत तिला फ्रेश एअर म्हणतात.

माझ्याकडे एक छोटा मीटर आहे. माणूस श्वास सोडतो त्यातला कार्बन डायऑक्साइड तो मोजतो. मोकळ्यावर आकडा चारशेच्या आसपास असतो. खोलीत तो हजाराच्या आत राहावा. माणसं जास्त आणि ताजी हवा कमी असली की आकडा चढतो. आधी जांभया येतात, मग डोकं जड होतं, मग चुका होतात. बसलेल्या माणसाला वाटतं, आपल्यालाच काहीतरी झालंय.

ही कामं मी पैशासाठी घेत नाही. बायको गेली, मुलगा पुण्याला असतो आणि रविवारी फोन करतो. वैशाली नगरच्या घरात दिवसभर बोलायला कोणी नसतं. निदान कोणाच्या तरी इमारतीत जाऊन चार वाक्यं बोलता येतात. मीटर हे एक निमित्त.

सकाळी छायाबाईंच्या खोलीत मीटर ठेवला. आकडा छान. हॉलमध्ये छान. काउंटरपाशी तर दार सतत उघडं, तिथे प्रश्नच नव्हता. नितीन सरांचा चेहरा खुलला. "म्हटलं होतं ना?"

छायाबाई उभ्याच होत्या. चाळिशीच्या असतील. खुर्सीपारला सासू आणि मुलीसोबत राहतात. नवरा ठेकेदाराकडे कामाला होता, तो वारला. हिंदीत "सर, सर" करून थकल्या होत्या. माझं मराठी आडनाव कळल्यावर एकदम आपल्या बोलीवर आल्या.

"काकाजी, आत्ता कावून पाहून राहिले जी? आत्ता तर मले काहीच होत नाई. दुपारी या ना. बॅच भरली का मंग पाहा."

"दुपारीही हवा तीच असणार," सर म्हणाले.

"नसते," मी म्हणालो. "आता इथे कोणी श्वास घेत नाहीये."

दुपारी पुन्हा गेलो. हॉल मुलांनी गच्च भरला होता. मी छायाबाईंच्या खोलीत स्टूल घेऊन बसलो. दार बंद, कारण मार्क गुप्त ठेवायचे. एवढ्याशा खोलीत आम्ही दोघंच. आकडा हळूहळू चढायला हवा होता, तर तो भराभर चढत गेला. हजार ओलांडले. पुढे दोन हजार. दोन माणसांचा हा श्वास नव्हे. इथे दुसऱ्या कोणाचा तरी श्वास येत होता.

मला स्वतःला जांभई आली. छायाबाई हसल्या. "पाहा! तुमाले बी आली. मले वाटे, मीच बिमार आहो. घरी सासूबाई म्हणे, तुले नजर लागली. पोरगी म्हणे डॉक्टरले दाखव. मी कोणाले काय सांगू? बाहेर बसले का बरी होतो, आत आली का डोकं जड."

"कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगाले कोण आहे जी इथं? दार लावलं का मी एकटीच."

ते वाक्य मला फार ओळखीचं वाटलं.

पिशवीतून उदबत्ती काढली. आमच्या धंद्यात महागडी उपकरणं आहेत, पण हवा कुठून कुठे जाते हे उदबत्तीइतकं स्वच्छ कोणी दाखवत नाही. खोलीच्या दोन भिंतींना वर जाळ्या होत्या. हॉलकडच्या जाळीपाशी उदबत्ती धरली, धूर आत ढकलला गेला. समोरच्या जाळीपाशी धरली, धूर बाहेर ओढला गेला. त्या जाळीमागे एसीची मशीन रूम.

मग इमारतीचा जुना नकाशा आठवणाऱ्या इलेक्ट्रिशियनला विचारलं. तो सहज म्हणाला, ही खोली आधी नव्हतीच. हॉल आणि मशीन रूम यांच्यामधली ती मोकळी जागा होती. हॉलची वापरलेली हवा तिथून मशीनकडे परत जायची. पुढे जागा कमी पडली. मग तिथे दार लावलं, टेबल टाकलं आणि छायाबाईंना बसवलं. म्हणजे हॉलमधल्या सगळ्या पोरांनी सोडलेला श्वास छायाबाईंच्या डोक्यावरून मशीनकडे जात होता. शिवाय बॅच सुटली की वीज वाचवायला एसी बंद करत. हॉलची दारं उघडायची, हॉल मोकळा व्हायचा. या बंद खोलीत मात्र ती हवा तशीच अडकून राहायची. पुढच्या बॅचला त्यावर आणखी भर.

पण मशीन थोडी ताजी हवा घेत असती तर एवढं झालं नसतं. म्हणून गच्चीवर गेलो. जे दिसलं त्याचं मला नवल वाटलं नाही. फ्रेश एअरच्या तोंडावर प्लायवूड ठोकलेलं, त्यावर पोत्याचं कापड, कडेने एम-सील.

हे भिलाईतलाच माणूस करू शकतो. इथे प्लांटच्या धुळीमुळे गच्चीवर बोट फिरवलं तर बोट काळं होतं. वाळत घातलेले कपडे झटकल्याशिवाय कोणी घरात आणत नाही. दिवाळीची सफाई म्हणजे फटी बुजवण्याचा सण. धूळ आत यायला नको, या एका वेडापायी आम्ही गावभर भोकं बुजवत फिरतो. माझ्याही घरी खिडक्यांच्या फटींत कागदाच्या पट्ट्या आहेत. मैद्याची खळ करून बायको दर दिवाळीला त्या लावायची. ती गेल्यापासून पट्ट्या बदलल्या नाहीत आणि काढल्याही नाहीत.

खाली येऊन सरांना सांगितलं. त्यांनी लगेच तोड काढली. "म्हणजे बाईंना त्या खोलीत सूट होत नाही. सिंपल. दुसरी मुलगी बसवतो."

"जी बसेल ती पेंगेल."

"काका, हॉलमध्येही तीच हवा आहे ना? मुलं कुठे झोपतात?"

"मुलं तासाभराने उठून जातात. ही बाई सगळ्या बॅच काढते. आणि मुलं झोपत नाहीत असं तुम्हाला कोणी सांगितलं? मागच्या बाकांवर जाऊन बसा एकदा."

सर चिडले. "मला लेक्चर नको. रिपोर्टमध्ये हवा ओके लिहिणार की नाही?"

"सकाळची ओके लिहितो. दुपारची नाही लिहिणार. तुम्हाला खोटं वाटत असेल तर पुढची बॅच तुम्ही त्या खोलीत काढा. बाईंचं कामच करा, म्हणजे वेळही वाया जाणार नाही."

ते बसले. जिद्दीचा माणूस. कोट काढून मार्क भरू लागले. मी शेजारी स्टुलावर. छायाबाई बाहेर बाकावर, हाताची घडी घालून. दारातल्या काचेच्या पट्टीतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्या देवळात नवसाला बसल्यासारख्या बसल्या होत्या.

सुरुवातीला सर माझ्याशी बोलत होते. मग बोलणं थांबलं. कॉलर सैल केली. एकच कागद पुन्हा पुन्हा पाहू लागले. बॅच संपायच्या आत "एक कॉल आहे" म्हणत उठले आणि दार उघडून बाहेर आले. खिशातला फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही. बाहेर येऊन त्यांनी मोठा श्वास घेतला, छायाबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, उद्यापासून तुम्ही समोर काउंटरशेजारी बसा. पार्टिशन लावून देतो."

पुढचं काम साधं होतं. हॉलची हवा मशीनकडे न्यायला पत्र्याचा बंद डक्ट टाकला. गच्चीवरचं प्लायवूड काढून तिथे धुळीचा फिल्टर बसवला. तो धुवत राहायचा, हे छायाबाईंनी आपण होऊन अंगावर घेतलं. मार्कांच्या चुका थांबल्या. मागच्या बाकांवरही जाग आली म्हणतात.

रिपोर्ट देऊन आलो त्या संध्याकाळी पिशवीतला मीटर बंद करायचा राहिला होता. घरी टेबलावर ठेवला आणि सहज पाहिलं. दिवसभर कुलूप लावलेलं घर, सगळ्या फटी बुजवलेल्या, आणि आकडा मोकळ्यावर असतो तेवढाच, चारशेच्या आसपास. इतका चांगला आकडा मी कुठल्याही रिपोर्टात लिहिलेला नाही. माझ्या हिशेबाने हे गावातलं सर्वांत निरोगी घर ठरलं असतं. मला मात्र त्या आकड्याकडे बघवेना. एवढ्या बंद घरातसुद्धा आकडा चढायला माणसं लागतात. मला फार एकटं वाटलं. मीटर बंद करून मी कुकर लावला.

पुढे एका रविवारी संध्याकाळी दार वाजलं. छायाबाई आणि त्यांची मुलगी. हातात बेसनाच्या तळलेल्या ठेठरीचा डबा. पत्ता सरांनी दिला होता. छायाबाई बसल्या आणि लगेच त्यांची नजर खिडकीवर गेली.

"वा जी काकाजी! आमाले उघडाले लावलं, आन् तुमचं घर पॅक?"

"आमच्या हिने लावल्या होत्या त्या पट्ट्या," मी म्हणालो.

छायाबाईंनी उठून एका पट्टीचं सुटलेलं टोक अंगठ्याने दाबून नीट बसवलं. "राहू द्या मंग," म्हणाल्या.

मुलीने शेल्फवरचा मीटर हातात घेतला. "अंकल, ये ऑन करूँ?" मी मान हलवली. मग मी चहा ठेवला. ठेठरी संपत आली, सासूबाईंच्या नजर काढण्याच्या गोष्टी निघाल्या, मुलगी हसून हसून वाकली. मीही हसलो. त्या घरात किती दिवसांनी, कोण जाणे. मधेच मुलगी म्हणाली, "अंकल, नंबर बढ़ रहा है. हजार हो गया."

या धंद्यात मी सगळ्यांना एकच सांगत आलो आहे. आकडा हजारावर गेला की वाट पाहू नका, खिडकी उघडा. सल्ला बरोबर आहे, तुम्हीही तो पाळा.

मी त्या दिवशी खिडकी उघडली नाही.