कातळाखालची कवडी

कसारा घाट उतरणारी एसटी दर वळणाला कण्हते आणि आत बसलेला माणूसही तिच्याबरोबर थोडा थोडा कण्हतो. नाशिकहून सकाळी निघाले तेव्हा कडाक्याची थंडी होती. घाट उतरेपर्यंत स्वेटर पिशवीत कोंबावा लागला. पाऊस संपून दोन-अडीच महिने झाले होते. डोंगरांवरचं गवत पिवळं पडलं होतं आणि त्यातून काळा कातळ जागोजागी वर आलेला, करपलेल्या भातासारखा. इथे नांगर कुठे चालवतात असा प्रश्न मला पडला, आणि तेवढ्यात कंडक्टरने मला भलत्याच फाट्यावर उतरवलं.

"शहापूर इथंच," तो म्हणाला आणि बेल मारून मोकळा झाला. शहापूर तिथे नव्हतं. तिथे एक टपरी, एक पंक्चरवाला आणि एक झोपलेली म्हैस होती. टपरीवाल्याने चहा दिला, वर हसूनही घेतलं. "तुमाला आधीच उतरवलं बाय. आता जीप येईल, तिच्यात बसा." जीप आली, तिच्यात आधीच एवढी माणसं होती की मी बसले म्हणण्यापेक्षा मला बसवण्यात आलं.

मी निघाले होते माझ्या मावसभावाकडे. अविनाशचा मुंबईत फरशांचा धंदा. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मुंबई-ठाण्याच्या ज्याला त्याला शहापूर-मुरबाडकडे फार्महाऊस घेण्याची हुक्की आली होती. अवीनेही सापगावच्या पुढे, मुरबाडच्या रस्त्याला, डोंगराच्या कुशीत जमीन घेतली. "ताई, एकदा येच. प्रवासाचं लिहितेस ना, तुला लिहायला मिळेल," असं तो सारखा म्हणायचा. मिळालं. पण त्याला आवडेल असं नाही.

फार्महाऊस छान होतं, खोटं कशाला बोलू? लाल कौलं, पुढे आंब्याची कलमं, मागे धोंडमाळ (मोठमोठ्या शिळांचा उतार) आणि त्यावर डोंगर. घराची राखण बुधा आणि चांगुणा हे ठाकर जोडपं करायचं. चांगुणाने पोचल्या पोचल्या नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाची आमटी आणि सुक्या जवळ्याची चटणी पुढे ठेवली. शहरी पाहुणीला चालेल का म्हणून ती दारात उभी राहून बघत होती. मी तिसरी भाकरी मागितली तेव्हा ती आत गेली.

तिच्या मागे मागे एक कुत्री फिरत होती. मांजराहून थोडी मोठी, पांढरी, एक कान तपकिरी. तोंडावर मात्र जुने व्रण, नाकापासून कानापर्यंत, कुणी सुईने टोचून काढल्यासारखे.

"ही डचेस," अवी म्हणाला. "टेरिअर आहे. जातिवंत. बापजाद्यांपासून हिचं काम एकच, जमिनीखाली जायचं."

मग त्याने मला सगळं समजावून सांगितलं. विलायतेत हे कुत्रे कोल्ह्याच्या बिळात सोडतात. कुत्र्याने जनावर मारायचं नसतं. त्याला कोपऱ्यात अडवून भुंकत राहायचं. वर माणसं जमिनीला कान लावून आवाज कुठून येतो ते बघतात आणि नेमकं तिथे खणतात. हे त्याने एका मित्राकडच्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिलं होतं. इकडे कोल्हा कुठला? पण सायाळ (साळिंदर) होती. ती त्याच्या आंब्याच्या कलमांची साल कुरतडायची आणि सुरणाचे कंद उकरून खायची. म्हणून डचेस.

"सायाळीला काटे असतात, अवी."

"म्हणून तर बघ," त्याने कुत्रीचं तोंड धरून माझ्याकडे वळवलं, "ही तिची मेडलं."

कुत्रीने मान सोडवून घेतली आणि ती चांगुणाच्या लुगड्यामागे जाऊन बसली. चांगुणाने तिला हळूच हाक मारली, "कवडे, यो." तिच्या घरात डचेस कुणी नव्हतं. पांढरी म्हणून कवडी.

दुसऱ्या दिवशी रविवार. उन्हं वर आल्यावर आम्ही धोंडमाळ चढलो. पुढे नवीकोरी टोपी घातलेला अवी, मागे पहार आणि फावडं घेतलेला बुधा, त्यामागे भाकरी बांधून घेतलेली चांगुणा, कारण कवडी दुसऱ्या कुणाच्या हातून खायची नाही. मी सर्वांत मागे, धापा टाकत. वाटेत वाळलेली कारवी, मोहाची झाडं, आणि खाली दूरवर भाताच्या कापलेल्या खाचरांचे तुकडे. इतकी सुंदर सकाळ होती की तिचा पुढे काय उपयोग झाला हे आठवलं की अजून राग येतो.

बीळ दोन शिळांच्या मध्ये होतं. तोंडाशी गळालेले काळे-पांढरे काटे पडले होते आणि कुरतडलेलं एक हाड. त्याच बिळाला आजूबाजूला आणखी तोंडं होती. अवीने बुधाला ती दगडांनी बुजवायला सांगितली.

बुधा बुजवू लागला. शेवटच्या तोंडाशी मात्र चांगुणा आडवी आली. "शेट, येक तोंड उघडं ठेवा. आमची मानसं ठेवतात."

"तिथूनच सायाळ पळेल की."

"पळू द्या. कवडीला बी यायला पायजे ना भायेर."

अवी हसला. "ती जिथून गेली तिथूनच येईल. बुजव रे."

मी म्हटलं, "अवी, सायाळ मारायला कायद्याने बंदी आहे." तो म्हणाला, "मारतोय कोण? हुसकावतोय." हुसकावायचं तर वाटा कशाला बुजवायच्या, एवढं साधं विचारलं, तर म्हणे, "ताई, तुला यातलं कळत नाही." बुधाने माझ्याकडे बघितलं, शेटकडे बघितलं आणि शेवटचा दगड लावला. त्याचं पोट त्या घरावर होतं. त्याला मी कशी नावं ठेवू?

कवडी बिळाशी थांबली. चांगुणाकडे वळून बघितलं. अवीने मागून हाताने ढकललं आणि ती आत गेली.

थोड्या वेळाने पायाखालून भुंकणं ऐकू येऊ लागलं. माझ्या आयुष्यात मी असा आवाज ऐकला नव्हता. आपण उभे आहोत आणि खाली, दगडाच्या पोटात, कुणीतरी आपल्यालाच हाका मारतंय. अवी खूश होऊन शिळेला कान लावून सरकत होता. "इथे! इथे खण!" बुधाने पहार मारली. ठण्ण! ठिणगी उडाली. दुसरीकडे मारली. पुन्हा ठण्ण. अरे, त्या कॅसेटमध्ये माती होती! इथे हातभर खाली कातळ. तो सुरुंगाशिवाय फुटत नाही हे शेजारच्या रस्त्याच्या कामावर कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काही बोलणार तेवढ्यात खालून एक किंकाळी आली. भुंकणं तुटलं. मग काहीच नाही.

चांगुणा बिळात तोंड घालून हाका मारू लागली. अवीने घड्याळ बघितलं. दुपारी ठाण्याहून त्याचे धंद्यातले पाहुणे जेवायला यायचे होते. "येईल ती. तिच्या रक्तातच आहे हे," म्हणून तो बुधाला घेऊन उतरून गेला.

आम्ही दोघींनी मिळून बुजवलेली तोंडं मोकळी केली. माझी नखं फुटली. आतून आवाज नव्हता.

दुपारी मी खाली गेले तेव्हा अंगणात मटणाचा वास सुटला होता आणि अवी पाहुण्यांना डचेसच्या पराक्रमाची गोष्ट सांगत होता. "कामी आली," हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. जणू सीमेवरचा जवान! ही लढाई कुणी पुकारली होती? मी सर्वांच्या देखत त्याला विचारलं, "तू वर येणार आहेस की नाही?" तो म्हणाला, "ताई, पाहुणे बसलेत. ती काय सोफ्यावरची कुत्री आहे? कामाची आहे, कामात जाते कधीकधी." पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "कितीला मिळते ही जात?" मी ताटावरून उठले. त्या मटणाला हात लावला नाही, आणि सांगते, मला मटण आवडतं.

संध्याकाळ व्हायच्या आत सगळे मुंबईला निघाले. गाडीत बसता बसता अवीने बुधाला सांगितलं, "उद्या सगळी भोकं पक्की भरून टाक. सायाळ आत असेल तर तिचाही निकाल लागेल."

"आणि कुत्री?" मी विचारलं.

"ती गेली, ताई. आता वास सुटण्यापेक्षा भरलेलं बरं."

काच वर गेली. गाडी गेली. मी त्याच गाडीतून शहापूरपर्यंत जायचं असं ठरलं होतं, पण मी तिच्यात बसले नाही.

सोमवारी सकाळी बुधा पहार घेऊन निघाला. चांगुणा त्याच्या वाटेत उभी राहिली. "नाय भरायचं."

"शेटला काय सांगू?"

"भरलं म्हनून सांग."

"आनि यून बघितलं त्यानं?"

"बघू दे. माझी कवडी आत हाय. जित्ती हाय का मेली हाय ते मला कळलं नाय, तोवर नाय भरायचं." ती रडत नव्हती. तिचा आवाज इतका चढला होता की खालची गुरं माना वर करून बघू लागली. बुधाने पहार खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "मंग चल. शोधू तरी."

आम्ही धोंडमाळाची एकेक भेग धुंडाळली. चांगुणा प्रत्येक भेगेशी ओणवी होऊन हाक मारायची, "कवडे, यो यो यो," आणि श्वास रोखून ऐकायची. ऊन तापलं. मला आता हे थांबवावं असं वाटू लागलं होतं, पण तसं म्हणायची हिंमत होईना. आणि मग ओहोळाच्या बाजूला, बिळापासून चांगलं खाली, करवंदीच्या जाळीमागे एका भेगेतून बारीक कुईकुई आली.

भेग वीतभर होती. बुधाने पहारीने एक दगड ढिला केला, मग दुसरा. तिसरा हलेना तेव्हा आम्ही तिघं त्या पहारीवर लोंबकळलो. तो गडगडत ओहोळात गेला आणि चांगुणाने खांद्यापर्यंत हात घालून कवडीला पुढचे पाय धरून ओढून काढलं. रात्रभर ती अंधारात दुसरी वाट उकरत आली होती. पंजांच्या नखांच्या जागी रक्त होतं. तोंडात, मानेत, छातीत काटे, आणि एक काटा डाव्या डोळ्यात.

बुधाने पक्कडीने काटे उपटले. मी तिचे पाय धरले होते, आणि प्रत्येक काट्याला मी अवीच्या नावाने जे शब्द काढले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. नंतर तिला घेऊन आम्ही जीपने शहापूरला गुरांच्या डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, जगेल, पण डोळा गेला.

बाहेर येऊन चांगुणा म्हणाली, "बाय, आता मी ही शेटला देनार नाय. तो परत घालील." बुधा मान खाली घालून उभा होता. कुत्री शेटची, नोकरी शेटची, घरही शेटचं. कळलं तर त्या दोघांनी जायचं कुठे?

मी समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. खरं सांगून त्याची चांगली खरडपट्टी काढावी असंही मनात होतं. अवीने फोन उचलला आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "भोकं भरली ना बुधाने?"

कुत्रीचं काय झालं, हे नाही. भोकं.

"भरली," मी म्हटलं.

"बरं झालं. पुढच्या महिन्यात नवीन जोडी आणतोय."

मी फोन ठेवला. बाहेर आले आणि चांगुणाला म्हटलं, "कुठे ठेवायची ते सांग."

तिचा भाऊ उंबरमाळीला राहायचा, माझ्या परतीच्या वाटेवरच. कवडीला डालग्यात (कोंबड्यांच्या टोपलीत) घालून, वर फडकं बांधून मी कसाऱ्याच्या बाजूला जाणाऱ्या जीपमध्ये बसले. अर्ध्या वाटेत शेजारचा म्हातारा माझ्याकडे वळला. "बाय, कोंबडी गुरगुरते तुमची."

"गावठी आहे," मी सांगितलं. त्याने डालग्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तंबाखू मळू लागला. उंबरमाळीत चांगुणाच्या भावाने फडकं सोडलं, तिचं तोंड बघितलं, आणि आतून पाण्याचं भांडं आणलं. मी पुढची एसटी धरून घाट चढले. वर थंडी होती. स्वेटर पिशवीतच राहिला, इतका अंगात राग होता.

अवीने नवीन जोडी आणलीच. पण बुधा दर वेळी त्याला सांगायचा, "शेट, सायाळच नाय राहिली आता," आणि ते दोन्ही कुत्रे व्हरांड्यातल्या खुर्च्यांवर लठ्ठ झाले. कलमांची साल मात्र दर वर्षी कुरतडली जायची. त्याचा संबंध अवीला काही केल्या लागला नाही. मी मुंबईला जाता-येता उंबरमाळीला उतरायची. एका डोळ्याची कवडी अंगणात उन्हाला पडलेली असायची. मला बघून शेपूट हलवायची, उठायची नाही.

कवडी गेली, आणि बुधा-चांगुणाही आता अवीकडे नाहीत, म्हणून आज हे लिहायला हरकत नाही. ती म्हातारी होऊन, झोपेत गेली. मी पोचले तेव्हा चांगुणाही आली होती. तिच्या भावाने परड्यात पुरण्यासाठी फावडं घेतलं, तशी चांगुणाने त्याच्या हातातून ते काढून घेतलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

"खाली नाय घालायची तिला," ती म्हणाली. "परत नाय."

मग आम्ही शेण्या रचल्या आणि तिला उघड्यावर, उन्हात जाळलं.