मदिनत खलीफातले स्कॉट

मध्ययुगीन स्कॉटलंडचा कारभार दोह्याच्या मदिनत खलीफा वस्तीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांच्या हाती असता, तर इंग्रज आजही सीमेपलीकडे हात चोळत बसले असते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. काका मूळचे नाशिकचे, गॅस प्लांटमधले इंजिनियर, स्कॉटलंडला जन्मात न गेलेले. त्यांचा दोह्यातला पहिला साहेब स्कॉटिश होता आणि त्याला स्वतःच्या देशाचा इतिहास अजिबात येत नव्हता. ही उणीव काकांनी साहेबाच्या वतीने भरून काढली आणि मग त्यांना थांबताच आलं नाही. ऑफिसात कुणाची खरडपट्टी निघाली की काका त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. "पोपनं स्कॉटलंडच्या राजाला बहिष्कृत केलं, तरी तिथले बिशप राजालाच धरून राहिले. तू कशाला घाबरतोस?" सूक वाकिफच्या जुन्या बाजारात केशर घेताना ते दुकानदाराला स्कॉट राजांच्या राज्याभिषेकाच्या दगडाची कथा ऐकवायचे: इंग्रजांनी तो पळवला आणि सातशे वर्षांनी परत दिला. "तो भाईसाब, हम भी रुक सकते हैं," म्हणून खरंच स्टुलावर बसायचे. "खलास बाबा, ले जाओ," म्हणत दुकानदार भाव उतरवायचा.

गेल्या वर्षी गणपतीच्या तारखेवरून आमचं मंडळ फुटायला आलं. चतुर्थी बुधवारी होती. निम्म्यांना रजा मिळेना, म्हणून त्यांना सुट्टीचा शुक्रवार हवा होता. काका तिथीच्या बाजूने. ते महिनाअखेरीस कायमचे परतणार, असं सगळे समजत होते. प्रत्यक्षात तिकीट चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशीचं, गुरुवारचं निघालं होतं. शुक्रवार ठरला तर मंडळातला त्यांचा शेवटचा गणपती हुकणार होता. काकूंनी हे मला जिन्यात सांगितलं आणि वर बजावलं, "कुणाला बोलू नकोस हं. ह्यांना दया नकोय, ह्यांना जिंकायचंय."

बैठकीत काका छाती काढून उभे राहिले. "इंग्लंडच्या उत्तरेत एक राजा होता. त्याच्या घरी ईस्टरची मेजवानी, आणि राणीचा अजून उपासच! का? तर राजा स्कॉट भिक्षूंची तारीख पाळायचा, राणी रोमची. पण भिक्षू म्हणाले, गुरूंनी दिलेली तारीख आम्ही सोडणार नाही!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "काका, मग शेवटी काय झालं?"

दुसरा असता तर थाप मारून मोकळा झाला असता. काकांनी चष्मा पुसला. "राजानं रोमची तारीख धरली. भिक्षू सामान बांधून आपल्या बेटावर निघून गेले."

सगळे पोट धरून हसले आणि शुक्रवार ठरला. मला मात्र हसू येईना. त्या दिवशी मी काकूंचा शब्द मोडला.

बुधवारी संध्याकाळी काका खोकी बांधत होते. रिकाम्या हॉलमध्ये पाटावर वीतभर मूर्ती, समोर काकूंचे मोदक. बघता बघता दारात चपलांचा ढीग लागला. इंडस्ट्रियल एरियातून थेट साइटच्या बुटांत आलेले लोक होते, ऑफिसातून पळालेले होते, आणि शुक्रवारवाले सगळ्यांच्या पुढे होते. काका बघतच राहिले. "अरे, असं स्कॉटलंडमध्ये कधी झालं नव्हतं," एवढंच म्हणाले. आरतीची सुरुवात त्यांनीच करायची, पण ते चष्माच पुसत राहिले, म्हणून काकूंनी केली.

शुक्रवारी मंडळाची आरती झाली. प्रसाद वाटताना कुणाचा तरी आवाज चढला आणि आम्ही सगळे सवयीने काकांच्या खुर्चीकडे वळलो. अशा वेळी स्कॉटांनी काय केलं होतं, हे आम्हाला सांगणारं तिथे कुणी नव्हतं.