एकच्या बातम्यांनंतरचा मिस्ड कॉल

प्रणाली गेल्याची बातमी मीच वाचली होती. हे एवढं वाक्य कागदावर उतरवायला मला सात आठवडे लागले. नागपुरातल्या एका केबल वाहिनीवर दुपारी एकच्या बातम्या मी वाचते. दहा मिनिटांचं बातमीपत्र. आमच्या गल्लीतले लोक सोडले तर रस्त्यात कोणी ओळखत नाही. त्या दिवशी शेवटून दुसरी बातमी होती, 'हिंगणा मार्गावर आज सकाळी टिप्परच्या धडकेत दुचाकीवरील तरुणीचा जागीच मृत्यू झाला. तरुणीची ओळख अद्याप पटलेली नाही.' दोनच वाक्यं. मी ती अगदी स्वच्छ वाचली, कुठे अडखळले नाही, आणि दुसऱ्याच क्षणी चेहऱ्यावर हसू आणून धरमपेठेतल्या फुलांच्या प्रदर्शनावर गेले. तिथे म्हणे ताटाएवढं डेलियाचं फूल आलं होतं. शेवटच्या बातमीला आमच्याकडे 'गोड बातमी' म्हणतात, आणि ती हसून वाचायची असते. मी छान हसते असं सगळे सांगतात.

बातमीपत्र संपल्यावर मी सवयीनं पर्समधला फोन काढला. प्रणालीचा मिस्ड कॉल नव्हता. हे सांगायला हवं की गेली चार वर्षं, मी बातम्या वाचायला लागल्यापासून, तिचा मिस्ड कॉल रोज यायचा. ती विद्यापीठात आमच्याच जनसंवाद विभागात तासिका तत्त्वावर शिकवायची. डबा खाताना मोबाइलवर माझ्या बातम्या लावायची आणि संपल्या की रिंग द्यायची. एक रिंग म्हणजे बरं वाचलं. दोन म्हणजे घाई केली. बोलायला तिला वेळ नसायचा, पुढचा तास असायचा. त्या दिवशी एकही रिंग नाही म्हटल्यावर मी मनातल्या मनात तिला नावं ठेवली, की आज बाईसाहेब विद्यार्थ्यांत रमल्या, आम्हाला विसरल्या. दोन वाजता तिच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, प्रणाली मॅडम आज आल्याच नाहीत, फोनही उचलत नाहीत. तुम्हाला काही बोलल्या का?" प्रणाली हिंगण्याला राहायची. स्कूटीनं यायची. त्याच रस्त्यानं... मी तिचा नंबर लावला. चौथ्या रिंगला तो उचलला गेला आणि एक अनोळखी पुरुषी आवाज म्हणाला, "बॅग आत्ताच नालीत सापडली. तुम्ही कोण त्यांच्या?"

मैत्रीण, असं म्हणाले असेन.

मी मुळातली भित्री. घरात पाल दिसली तर पलंगावर चढणारी. जनसंवादाच्या अभ्यासक्रमाला मी गेले ते बातम्या लिहिण्यासाठी, वाचण्यासाठी नव्हे. पण पहिल्याच सत्रात स्टुडिओचं प्रात्यक्षिक आलं. विभागाचा स्टुडिओ म्हणजे जुनी गोदामाची खोली, भिंतींना गोणपाट आणि थर्माकोल, एक कॅमेरा आणि त्यावरचा लाल दिवा. तो दिवा लागला की माझी जीभ टाळूला चिकटायची. दोनदा तर मी खुर्चीवरून उठून थेट बेसिनकडे पळाले. सगळा वर्ग हसला, आणि हसण्यासारखंच होतं ते. तिसऱ्या वेळी प्रणाली कोणाला न विचारता आत आली आणि कॅमेऱ्याच्या खाली, फरशीवर मांडी घालून बसली. तोवर आमची ओळख म्हणजे हजेरीपटावरचं वर-खालचं नाव एवढीच. हिरवा पंजाबी ड्रेस, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, आणि मांडीवर माझ्याच बातम्यांची दुसरी प्रत. म्हणाली, "त्या कॅमेऱ्याले काहून सांगतं वं? मले सांग ना." मी तिला सांगितलं. दहाच्या दहा बातम्या तिलाच सांगितल्या. पुढची दोन वर्षं माझ्या प्रत्येक प्रात्यक्षिकाला ती त्या फरशीवर बसली, आणि सर आले की टेबलामागे सरकायची. मला आज जे काही वाचता येतं ते तिथून आलेलं आहे.

ती स्वतः मात्र विचित्र वाचायची. आवाज भरदार, उच्चार मेहनतीनं कमावलेले. घरी 'मले-तुले' बोलणारी ही मुलगी कॅमेऱ्यापुढे अशी शुद्ध बोलायची की आमचे सरही पाहत राहायचे. पण मृत्यूची बातमी आली की ती वाचून झाल्यावर थांबायची. एक पूर्ण श्वास. मान वर, डोळे समोर, आणि शांतता. स्टुडिओत तेवढी शांतता फार लांब वाटते हो... शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत भिंत कोसळून दोन मजूर गेल्याची बातमी होती. ती थांबली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हात वर करून विचारलं, "काय झालं? पुढचं पान हरवलं का?" ती म्हणाली, "नाही सर. त्यांच्या घरचे ऐकत असतील." परीक्षक चिडले नाहीत, उलट समजुतीच्या सुरात म्हणाले की बाई, रिकामी जागा सोडली की प्रेक्षक चॅनल बदलतो. मग माझा नंबर लागला. तीच पानं, तीच भिंत, तेच दोन मजूर. मी त्यांच्यावरून सरळ पुढे गेले आणि क्रिकेटची बातमी हसून वाचली. "असं हवं," ते म्हणाले. गुणपत्रिकेत मी तिच्या वर होते. तिनं मला जिलबी खाऊ घातली आणि मी ती खाल्ली.

का थांबायची, ते तिनं मला एकदाच सांगितलं, विभागामागच्या चहाच्या टपरीवर. तिचे वडील हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला. ती सातवीत असताना तिथल्या एका कारखान्यात आग लागली. टीव्हीवर बातमी आली की काही कामगार दगावले; कारखान्याचं नाव नाही, माणसांची नावं नाहीत. ती आणि आई टीव्हीसमोर उभ्या. खाली बसायचंही भान नाही. "अन ती बाई लगेच हसली ना वं... लगेच. कोण्या हिरोच्या लग्नाचं सांगाले लागली. मायी माय टीव्हीले हात लावून उभी होती, जसं ते परत मागं जाईन." वडील संध्याकाळी कंपनीच्या बसनं उतरले, धडधाकट, हातात कोथिंबिरीची जुडी. आग दुसरीकडे लागली होती. पण त्या मधल्या पाच तासांनी प्रणालीला आमच्या वर्गात आणून बसवलं होतं. "मले त्या बाईले एक डाव विचाराचं होतं," ती म्हणाली, "का तू थांबली काहून नाही." मी हसले होते तेव्हा. आता त्या हसण्याचीही भीती वाटते.

तर ही ती भीती, जिच्यामुळे सात आठवडे मला नीट झोप नाही. प्रणालीची आई, म्हणजे काकू, एकच्या बातम्या चुकवत नाहीत हे मला ठाऊक होतं. 'आपली स्नेहल' टीव्हीवर दिसते याचं त्यांना कोण कौतुक! दिवाळीत गेले की शेजारणींना बोलावून मला दाखवायच्या. म्हणजे त्या दिवशी एक वाजता त्या टीव्हीसमोर असणार. स्वतःच्या लेकीची बातमी त्यांनी माझ्या तोंडून ऐकली असणार, आणि त्यानंतर माझं ते हसू पाहिलं असणार, ताटाएवढ्या फुलाचं. मी त्या बाईच्या जागी जाऊन बसले होते जिला प्रणाली जन्मभर एक प्रश्न विचारणार होती. घाटावर मी लोकांच्या मागे उभी राहिले. तेरवीला ताप आल्याचं कळवलं, ताप नव्हता. स्टुडिओतला लाल दिवा लागला की पुन्हा जीभ टाळूला चिकटायला लागली. अपघाताची बातमी हातात आली की आधी रस्त्याचं नाव पाहायचे, मग वय. घरी आईला रस्ता ओलांडू द्यायला घाबरायचे. फोन वाजला तरी दचकायचे.

शेवटी एका रविवारी गेले. जिना चढताना वाटत होतं की दार उघडूच नये. काका सेकंड शिफ्टला निघून गेले होते. काकूंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ये वं पोरी. वाळली किती तू." त्यांनी पाणी दिलं. प्रणालीची ओढणी अजून खुंटीवर होती, आणि शेल्फवर आमच्या वर्गाचा फोटो, त्यात मी डोळे मिटलेले. मी पाणी न पिताच विचारलं, कारण प्यायले असते तर विचारण्याची हिंमत झाली नसती. "काकू, त्या दिवशी... एकच्या बातम्या लावल्या होत्या?"

"लावल्या ना. रोजच लावतो."

काकू ओट्याजवळ गेल्या, पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि भांडी इकडची तिकडे करत बोलल्या. "मी भाजी फोडणीले टाकून राहिली होती. तू म्हटलं कोणी पोरगी गेली. मी म्हटलं, कोणाची असन बाप्पा. अन तू लगेच त्या फुलाचं सांगाले लागली." त्या थांबल्या. "मले वाटलं, आता प्रणाली तुले दोन रिंग देते."

मी हातातला पेला खाली ठेवला.

"मंग मीच गॅस बंद केला," काकू म्हणाल्या. "थोडी उभी राहिली. प्रणाली नाही का करत, तसं. कोणाची तरी लेक हाय म्हणून."

त्यानंतर मी किती रडले, ते लिहीत नाही. काकू रडल्या नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला आधी जेवायला वाढलं, वांग्याची भाजी आणि भाकर. मी म्हटलं, काकू, मी हे काम सोडते, मला जमत नाही आता, मला भीती वाटते. त्या ताटात भाजी वाढता वाढता म्हणाल्या, "सोडू नको. मंग कोण वाचन? फुलाच्या बातमीवर लगेच हसणारी दुसरी येईन." मी निघाले तेव्हा त्यांनी कपाटातून प्रणालीचा फोन काढला. पोलिसांनी परत दिलेला. काचेवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा. "चालू हाय," त्या म्हणाल्या. "मले बाकी काही येत नाही यातलं. रिंग कशी देते ते सांग." मी त्यांचं बोट धरून माझं नाव शोधून दाखवलं. प्रणालीनं ते 'फरशी' म्हणून साठवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी थांबायला लागले. मृत्यूची बातमी संपली की एक श्वास, मान वर. पहिल्या दिवशी कानातल्या यंत्रात आमचे निर्माते ओरडले, "स्नेहल, पुढे! पुढे! काय झालं?" बातमीपत्र संपल्यावर बोलावून त्यांनी दोन गोष्टी ऐकवल्या. परवा तर लेखी समज मिळालीय, पुढच्या वेळी दुसरी निवेदिका पाहू म्हणालेत. रोज तो श्वास घेताना मी टेबलाची कड धरून ठेवते. कारण समोर लाल दिवा असतो, कानात ओरडा असतो, आणि आता मला पक्कं माहीत असतं की कुठल्या तरी घरात कोणीतरी गॅससमोर उभं आहे आणि त्यांना अजून काही कळलेलं नाही.

एक वाजून अकरा मिनिटांनी पर्समध्ये फोन वाजतो. पडद्यावर 'प्रणाली' असं येतं. दर वेळी छातीत धस्स होतं, अजूनही, आणि ते कधी थांबेल असं मला वाटत नाही. मी फोन उचलत नाही, फक्त रिंग मोजते. बहुतेक दिवस एकच असते.

काल निर्मात्यांच्या धाकानं मी अर्ध्यातच श्वास सोडला आणि पुढे गेले. काल दोन आल्या.