मंगोलियाचे घाडीकाका

गुणाजी घाडी बोरीवलीला राहतात आणि सोमवार सोडून रोज अकरा ते पाच मंगोलियात असतात.

पार्ल्यात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मुलांसाठी संग्रहालय आहे. देशोदेशीच्या वस्तू, आणि सगळ्यांना हात लावायची मुभा. केनियाचे ढोल बडवा, जपानी लाकडी चपला घालून चाला, मेक्सिकोच्या टोप्या डोक्यावर चढवा. टोकाच्या खोलीत लोकरीच्या जाड कापडाचा गोल तंबू उभा केलाय, तो घाडीकाकांच्या ताब्यात. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे ते आधी बजावतात. मुलं म्हणतात, आमची आजीपण हेच सांगते. मग काका समाधानाने म्हणतात, "बघा, तिकडच्या आज्यापण तशाच!"

माणूस मूळचा मालवणकडचा. वडील गिरणीत होते. संपात गिरणी बुडाली तेव्हा गुणाजी वीस वर्षांचे. अंधेरीतल्या एका निर्यात कंपनीच्या गोदामात चिकटले आणि अडतीस वर्षं लाकडी खोक्यांवर काळ्या रंगाने गावांची नावं रंगवत राहिले. योकोहामा, मोंबासा, रॉटरडॅम. अक्षर सुरेख. खोकी गेली, काका राहिले. याचं त्यांना दुःख होतं असं काही म्हणता यायचं नाही, कारण ते कधी बोलले नाहीत. निवृत्तीनंतर हे काम मात्र त्यांनी आपणहून मागून घेतलं.

खोटं पहिल्याच आठवड्यात शिरलं. एका मुलीने विचारलं, "काका, तुम्ही तिथे गेलाय?" आणि तोंडून "हो" निघून गेलं. ठरवून नव्हे. पण त्या पोरीचे डोळे एवढे मोठे झाले, की शब्द परत घ्यायची छाती झाली नाही. मग त्या "हो"ला हळूहळू पोट सुटलं. तंबूत आठ दिवस राहिलो, पुढे त्याचे पंधरा झाले. घोडीचं आंबवलेलं दूध प्यायलो. कसं लागतं? आंबट ढाण! हे ते भिंतीवरच्या फलकावर वाचून शिकले होते. चार वर्षं असंच चाललं. यात कुणाचं काही बिघडत नाही, असं ते स्वतःला समजावत, आणि माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावू शकतो.

एका शनिवारी त्यांनी येणाऱ्या शाळांची यादी पाहिली. बुधवारी बोरीवलीची शाळा, पाचवी ब. त्यांची नात ऋतिका त्याच वर्गात.

काकांची पाचावर धारण बसली. आजोबांची धाव मालवणपर्यंत, विमानतळसुद्धा त्यांनी बाहेरूनच पाहिलेला, हे घरात ऋतिकाला पक्कं ठाऊक. तीच तर त्यावरून चिडवायची. त्यांनी संग्रहालय सांभाळणाऱ्या श्वेता मॅडमकडे रजा मागितली.

"काका, बुधवारी चाळीस मुलं आहेत. मंगोलिया मी कुणाच्या गळ्यात मारू?" मॅडम म्हणाल्या. "तुमच्यासारखं कुणाला जमतंय का?"

रजा काही मिळाली नाही. ऋतिकाला आधीच सांगून टाकावं, असं घरी दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा चहा पिऊन उठले. शेवटी ठरवलं, कुणी विचारलंच तर तिच्यासमोर खरं सांगायचं. होईल ती शोभा होऊ दे.

बुधवारी मुलं तंबूत गोल करून बसली, ऋतिका पुढेच. काकांनी चूल दाखवली, धूर जायचं छताचं भोक दाखवलं, लोकर सगळ्यांच्या हातांतून फिरवली. विपुल नावाच्या मुलाने शेवटी विचारलंच, "आजोबा, तुम्ही खरंच गेलेलात तिकडे?"

काका तोंड उघडणार, तोच ऋतिका म्हणाली, "मग! दोनदा गेलेत. घोड्यावरून पडलेपण. गुडघा अजून दुखतो त्यांचा."

पापणीसुद्धा लवली नाही पोरीची. गुडघा दुखायचा हे खरं होतं, पण तो गोदामात पायावर खोकं पडल्यामुळे. मुलं "आईशप्पथ!" म्हणत तिच्याकडे बघायला लागली. सोसायटीतली पोरं इथे येऊन गेली होती, त्यांच्याकडून तिच्या कानावर गेलं असणार, आणि वर्गात ती हे पहिल्यांदा सांगत नव्हती, हेही काकांना कळून चुकलं. त्यांना लाज वाटली. चार दिवस भीती वाटत होती ती स्वतःच्या अब्रूची. ही लाज निराळी होती. आता खरं बोलावं तर पोर वर्गासमोर खोटारडी ठरणार, गप्प बसावं तर तिला ही सवय लागणार.

"नाही गेलो," काका म्हणाले. "मंगोलियाला नाही, कुठेच नाही. येईल त्याला मी थापा मारल्या. घरी हिलाही त्याच मारल्या. तिने बिचारीने विश्वास ठेवला. चूक माझी आहे, तिची काही नाही."

"म्हणजे ते दूधपण नाही प्यायलात?" विपुलने विचारलं.

"नाही."

"काय यार!"

पोरं नाराज झाली, पण पलीकडे ढोल वाजायला लागले तशी केनियाकडे पळाली. ऋतिका मागे राहिली. तिचे कान लालभडक झाले होते.

"आजोबा, मंगोलियाला गेलो असं तुम्ही मला कधीच सांगितलं नव्हतं."

"नव्हतंच सांगितलं गो," काका म्हणाले. "जा आता, बाई हाक मारतायत."